माद्रिदमध्ये राहून कोर्दोबाची स्पॅनिश टिकवावी का?

कोर्दोबाकर

नमस्कार मंडळी. प्रश्न परीक्षेचा आहे, पण नुसता परीक्षेचा नाही, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल.

माझी स्पॅनिश अर्जेंटिनातल्या कोर्दोबाची. (स्पेनमध्येही एक कोर्दोबा आहे, मशिदीसाठी प्रसिद्ध. ते नव्हे.) लग्न होऊन तिथे गेले तेव्हा 'ओला'च्या पुढे गाडी जात नव्हती. वर्गबिर्ग काही लावला नाही. भाषा शिकवली ती सासूबाईंनी, आल्ता कोर्दोबा भागातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि त्यांचे केस कापणाऱ्या बाईने. त्यामुळे माझं व्याकरण कच्चं, पण कुचाळक्या एकदम पक्क्या.

आता नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही माद्रिदला, काराबांचेलमध्ये राहतो. मला इथे काम हवं असेल तर देले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेचं सी-१ (वरच्या पातळीचं) प्रमाणपत्र लागणार, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्पॅनिशच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच निबंधावर लाल शाई. 'वोस तेनेस' खोडून 'तू तिएनेस'. 'सेन्ताते' खोडून 'सिएन्ताते'. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. म्हणतात, "हे चूक नाही, फक्त इथलं नाही." चूक नाही तर लाल शाई कशाला, हे मी विचारलं नाही, कारण तेवढ्यात तास संपला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जवळच्या माणसाला स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत 'तू' म्हणतात, अर्जेंटिनात 'वोस'. क्रियापदंही बदलतात. तू एरेस, वोस सोस. तू पुएदेस, वोस पोदेस. अनेकवचनाला स्पेनमध्ये 'वोसोत्रोस', आमच्याकडे 'उस्तेदेस'. ब्युनोस आयर्सचं 'शो मे शामो' (बाकीच्यांचं 'यो मे यामो') तर सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण कोर्दोबाची खरी खूण वेगळीच. तिला तोनादा म्हणतात. शब्दात जिथे आघात पडतो, त्याच्या आधीचं अक्षर ओढायचं. 'कोर्दोबेस' असं सरळ कोणी म्हणत नाही, 'कोर्दोओओ-बेस' म्हणतात. 'सेन्योरा'चं 'सेएए-न्योरा'. मूळच्या कोमेचिंगोन लोकांकडून हे आलं असं तिथे जो तो सांगतो. त्या लोकांच्या भाषेची नोंद जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे सांगणाऱ्याला कोणी खोटंही पाडू शकत नाही! ब्युनोस आयर्सची माणसं या तोनादाची नक्कल करून हसतात. विनोद सांगणारे कोर्दोबाचे आणि हसणारे राजधानीचे, अशी तिथली जुनीच वाटणी आहे.

माझ्या तोंडात ही तोनादा बसलेली आहे. मला कळलंही नव्हतं. माद्रिदच्या भाजीवाल्याने कळवलं. माझा चेहरा पाहून तो आधी इंग्रजीत बोलला, मी तोंड उघडल्यावर दचकला आणि म्हणाला, "तुम्ही अर्जेंटिनाच्या?" मी "हो" म्हणून टाकलं. खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.

आणखी एक. माझ्या सासरी मला सगळे 'नेग्रा' (शब्दशः 'काळी') म्हणतात. कोर्दोबात हे लाडाचं संबोधन आहे. गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बायकांनाही म्हणतात. (त्याच शब्दाची दुसरी, हिणवण्याची बाजूही आहे, वस्तीतल्या गरिबांसाठी वापरतात ती. सूर ऐकला की कळतं कुठला 'नेग्रो' आहे.) परवा फोनवर नवऱ्याचा आवाज बाहेर ऐकू गेला, "नेग्रा, वेनी" (ये) असा. वर्गातली एक मुलगी मला बाजूला घेऊन हळूच विचारायला लागली, की घरी सगळं ठीक आहे ना.

आता मूळ मुद्दा. मी प्रयत्न केला 'तू' बोलायचा. गंमत अशी की स्पॅनिशचा 'तू' आणि आपला 'तू' ऐकायला अगदी सारखे, म्हणजे खरं तर तो मला जवळचा वाटायला हवा. वाटत नाही. 'तू' म्हणताना मी बँकेत फॉर्म भरत असल्यासारखी बोलते. चिडता येत नाही, चेष्टा करता येत नाही. 'सिएन्ताते' हे दवाखान्यात म्हणतात. 'सेन्ताते' म्हणजे बस गं, चहा टाकते.

घरात वेगळीच कथा. मुलगा इथल्या शाळेत जातो. पहिल्या हिवाळ्यातच त्याचं 'दाले' (अर्जेंटिनाचं 'बरं, चालेल') गेलं आणि 'बाले' (स्पेनचं तेच) आलं. आता तो मला सुधारतो.

तर विचारायचं असं: देलेमध्ये वोसचे गुण कापतात का? कापत नसतील तर मी बाईंचं ऐकून बदलावं की आहे ते धरून ठेवावं? आणि मी जे ऐकून-ऐकून शिकले ते जरा शिस्तीत अभ्यासायचं असेल, म्हणजे नुसती 'स्पॅनिश' नव्हे, कोर्दोबाची स्पॅनिश, तर सुरुवात कुठून करू?

निवृत्त मास्तर

ताई, आधी पोटापाण्याचं. देलेत वोसचे गुण कापत नाहीत. स्पॅनिशची कुठलीही प्रमाण बोली, जी शिकलेल्या लोकांचा मोठा समूह वापरतो, ती त्यांना चालते. ऐकण्याच्या भागात तर ते स्वतःच निरनिराळ्या देशांचे आवाज ऐकवतात. तपासतात ती सुसंगती. एका परिच्छेदात 'वोस तेनेस' आणि पुढच्यात 'तू तिएनेस' असं झालं की मात्र परीक्षक थबकतो. म्हणजे तुमच्या बाईंचं ऐकून अर्धवट बदललात तरच नुकसान.

दोन बारकावे सांगतो, विद्यार्थी इथे घसरतात. एक, नकारार्थी आज्ञा. बोलताना अर्जेंटिनात 'नो दिगास' (सांगू नकोस) आणि शेवटच्या अक्षरावर जोर देऊन 'नो दिगाआस' अशी दोन्ही रूपं चालतात, दुसऱ्यात जरा दटावणी असते. लेखी उत्तरात पहिलंच ठेवा. दोन, सी-१ला पत्रं बहुतेक औपचारिक असतात. तिथे उस्तेद, म्हणजे आदरार्थी 'आपण'. म्हणजे वोस की तू हा प्रश्नच उडाला.

सिएले नावाची दुसरी परीक्षा २०१६ पासून आहे, तिची योजना इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेबरोबर मेक्सिकोच्या, सालामांकाच्या आणि ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठांची. तिचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, देलेचं कायमचं. अर्जेंटिनाची स्वतःची सेलु ही परीक्षा २००४ पासून आहे. तुम्हाला माद्रिदमध्ये नोकरी करायची आहे, तेव्हा देलेच द्या.

आता लाल शाईबद्दल. वोस हा काही अर्जेंटिनाने काढलेला शब्द नाही. तो स्पेनमधूनच गेला. एके काळी तो आदराचा होता. मग इतका वापरला गेला की आदर संपला. वर 'वुएस्त्रा मेर्सेद' आलं (त्याचंच घासून उस्तेद झालं), आणि बरोबरीच्या माणसासाठी स्पेनने तू परत उचलला. मेक्सिको आणि लिमा इथे व्हाइसरॉयचे दरबार होते, माद्रिदची ये-जा होती, तिथे नवी रीत पोचली. रिओ दे ला प्लाता म्हणजे साम्राज्याचं टोक. ब्युनोस आयर्सला स्वतःचा व्हाइसरॉय मिळाला तो थेट १७७६ मध्ये. तोवर वोस घराघरांत मुरला होता. मध्य अमेरिकेतही तसंच.

चिलीत आंद्रेस बेयो या थोर व्याकरणकाराने वोसविरुद्ध मोहीमच उघडली, १८४७ मध्ये अमेरिकन लोकांसाठी म्हणून व्याकरण लिहिणारा हाच माणूस. शाळांतून वोस हाकलला गेला, पण क्रियापदातून गेला नाही. चिलीचा तरुण आजही 'कोमो एस्ताइ' (कसा आहेस) विचारतो, ती त्याचीच शेपटी. अर्जेंटिनातही शाळेत शिक्षक तू शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत सगळे वोस बोलायचे. अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने वोसला सुशिक्षितांची रीत म्हणून मान्यता दिली ती १९८२ मध्ये. म्हणजे तुमच्या सासूबाईंनीही शाळेत बहुधा 'तू एरेस'च घोकलं असेल. विचारून बघा.

सरळसोट

मी मेक्सिकोत, मोन्तेर्रेयला, मोटारीच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. रागावू नका, पण मला यात ओळख वगैरे काही दिसत नाही. आपण परकेच. कुठलीही बोली बोललो तरी नाव विचारलं की कळतंच. चिलीचे लोक आले की आमच्या बैठकीत निम्मं डोक्यावरून जातं, अर्जेंटिनाचे आले की निम्मा वेळ त्यांच्या शिव्या समजण्यात. सगळ्यांना कळेल अशी तटस्थ स्पॅनिश शिकावी, कामाला लागावं. डबिंगमध्ये असते तशी. ती कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची आहे.

कोर्दोबाकर

मास्तर, फारच उपकार. सासूबाईंना लगेच फोन लावला. म्हणाल्या, "अर्थात! वहीत तू, अंगणात वोस." आणि मग त्यांच्या चौथीच्या शिक्षिकेची नक्कल करून दाखवली.

सरळसोट, रागावत नाही, पण तटस्थाची गोष्ट तुम्ही चुकीच्या माणसाला सांगितलीत. :) अर्जेंटिनातली लहान मुलं ही तटस्थ स्पॅनिश फार सुंदर बोलतात. डबिंगच्या कायद्यातच 'तटस्थ कास्तेयानो' (कास्तेयानो म्हणजे स्पॅनिशच) असे शब्द आहेत, त्यामुळे कार्टूनमधला प्रत्येक ससा आणि रोबो 'तू' म्हणतो. माझा मुलगा चार वर्षांचा असताना जमिनीवर गाड्या मांडून खेळायचा, तेव्हा गाड्या एकमेकींशी तू करून बोलायच्या, 'कुइदादो, अमिगो, तू नो पुएदेस पासार!' (सांभाळ मित्रा, तू पुढे जाऊ शकत नाहीस!) अगदी निवेदकाच्या आवाजात. भूक लागली की त्याच श्वासात माझ्याकडे वळून 'मा, मे दास उन पान?' आणि मी दिला नाही की 'वोस सोस माला' (तू वाईट आहेस). म्हणजे त्या वयातही त्याला पक्कं ठाऊक होतं की तू ही नायकांची भाषा आहे आणि आईशी भांडायला ती उपयोगाची नाही. सगळ्यांची आहे म्हणता, पण तिच्यात कोणी कोणाला 'पाव दे' म्हणताना मी ऐकलेलं नाही.

परके तर आहोतच, तेवढं मान्य. पण गंमत पाहा. नागरिकत्वासाठी नवऱ्याला इथे भाषेची परीक्षा नाही, कारण तो स्पॅनिश बोलणाऱ्या देशाचा. मला ए-२ (प्राथमिक पातळी) तरी दाखवावीच लागणार. आम्ही दोघं एकाच घरात एकच भाषा बोलतो, शिव्यांसकट. त्याचं वोस पासपोर्टात छापलेलं आहे, माझं निबंधात खोडलेलं.

बाकी 'कोहेर' या क्रियापदाबद्दल इथल्या अर्जेंटिनावाल्यांना सांगायला नको. माद्रिदमध्ये बस, मेट्रो, लिफ्ट, छत्री सगळं कोहेर करतात, म्हणजे घेतात, पकडतात. अर्जेंटिनात त्याचा अर्थ काय होतो तो ज्यांना माहीत नाही त्यांनी शोधा, इथे लिहिणार नाही. मी आजही 'तोमार' (घेणे) म्हणते. समजा उद्या सगळी तोनादा पुसली गेली, तरी तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. परक्या माणसाला एखाद्या शब्दाची लाज वाटायला लागते ती कुठून येते, हे सांगा बरं मला.

सरळसोट

पावाचा मुद्दा मान्य. छत्रीवर हसलो. बैठकीतल्या चिलीच्या लोकांबद्दल मात्र माझं मत कायम.

बोगोतावाली

धागा वाचून राहवलं नाही. इकडे कोलंबियात तर 'तू'च्या पलीकडे आणखी जिने आहेत. माझ्या इथल्या घरमालकीण बाई नवऱ्याला उस्तेद म्हणतात, मुलांना उस्तेद म्हणतात, कुत्र्यालाही उस्तेद म्हणतात. मी सुरुवातीला समजत होते की घरात भांडण चालू आहे. बोगोतात आणि आजूबाजूच्या डोंगरात उस्तेद हा जवळच्यांतही चालतो. वर बोयाकाकडच्या लोकांचं 'सुमेर्से' आहे, 'सु मेर्सेद'चं रूप. मंडईत बटाटे विकणारी मावशी 'के नेसेसिता, सुमेर्से?' (काय हवं आपल्याला?) असं विचारते तेव्हा तिच्याशी घासाघीस करवत नाही. मेदेयिन आणि कालीचे लोक वोस म्हणतात, कॅरिबियन किनाऱ्यावरचे तू.

माझ्या ऑफिसात कालीची एक मुलगी आहे. बोगोतात आल्यावर सगळ्यांशी तू आणि उस्तेद. आईचा फोन आला की खिडकीपाशी जाते आणि वोस सुरू. आवाजसुद्धा अर्ध्या पट्टीने वर चढतो. मी तिला विचारलं, ऑफिसात का नाही बोलत? म्हणाली, इथे ते उद्धट वाटतं. मग मी म्हटलं, माझ्याशी बोल, मला काय कळतंय उद्धट आणि काय नाही. तेव्हापासून आम्ही दोघी वोस. माझं चुकतं कुठे कुठे, पण तिला चालतं.

ताई, तुम्ही बदलू नका. मुलाला बदलू द्या. त्याला दोन्ही येतील.

कादिसकर

धाग्यावर आमच्या दक्षिणेचं कोणीच नाही म्हणून लिहितो. स्पेन म्हणजे माद्रिद नव्हे हो! मी कादिसला बंदरावर काम करतो. इथे शेवटचा 'स' कोणी उच्चारत नाही, हवेत सोडून देतात. 'लास कासास'चं 'लाह कासाह'. माद्रिदचा जिभेवरचा 'थ' इथे बऱ्याच जणांकडे 'स' होतो, तर शेजारच्या काही गावांत उलट सगळ्याच 'स'चा 'थ'. आणि तुमच्या बाईंना सांगा, पश्चिम अंदालुसियात (म्हणजे आमच्या दक्षिण स्पेनच्या प्रांतात) लोक 'उस्तेदेस बाइस' (तुम्ही जाता) म्हणतात, सर्वनाम अमेरिकेचं आणि क्रियापद माद्रिदचं. कॅनरी बेटांवर तर सरळ उस्तेदेसच, आणि बसला ते क्युबासारखं 'ग्वाग्वा' म्हणतात. अमेरिकेला जाणारी जहाजं सेव्हिया-कादिसहून सुटायची, वाटेत कॅनरीला थांबायची. तुमच्या कोर्दोबात कोणी 'थ' म्हणत नाही त्याची मुळं आमच्याकडे आहेत.

कास्तेयानोचं पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारा नेब्रिहा हा इथून जवळच्याच लेब्रिहा गावचा. त्याच्यानंतरच्या पिढीत एकाने त्याची टर उडवलीच, की हा अंदालुसियाचा, याला कास्तेयानो काय कळणार. लाल शाई तेव्हापासूनची आहे.

आमच्या बोलीचं दुखणं वेगळं. स्पॅनिश मालिकांमध्ये वर्षानुवर्षं मोलकरीण आणि विदूषक अंदालुसियाचे असायचे. माझा एक सहकारी माद्रिदला मुलाखतीला गेला तो आठवडाभर आरशासमोर 'स' घोटून. नोकरी मिळाली. आता दर शुक्रवारी गाडीतून इथे उतरला की पहिल्या दारूच्या गुत्त्यात 'स' बाहेरच ठेवून आत येतो.

अभ्यासासाठी: कोसेर नावाचा ध्वनिसंग्रह जालावर फुकट आहे. इनेस फेर्नान्देस-ओर्दोन्येस या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० पासून स्पेनच्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती जमवायला सुरुवात केली. डुक्कर कसं कापतात, लोणी कसं काढतात असं विचारत बसायचं आणि माणूस रंगला की भाषा टिपायची. कोर्दोबा नाही मिळणार तिथे, पण पद्धत शिकायला मिळेल.

निवृत्त मास्तर

कादिसकर, उत्तम. कोर्दोबासाठी दोन नावं टिपून ठेवा, दोन्ही अर्जेंटिनाच्या बायका. बेर्ता विदाल दे बात्तिनी या सान लुइस प्रांतातल्या. देशभरच्या बोली त्यांनी प्रदेशवार मांडल्या, तोनादांच्या सीमाही त्यांनीच आखल्या. दुसऱ्या मारिया बेआत्रिस फोन्तानेया दे वाइनबेर्ग, यांनी खास कोर्दोबाच्या सुरावटीवर लिहिलं आहे. कोर्दोबाचं राष्ट्रीय विद्यापीठ १६१३ चं, देशातलं सर्वांत जुनं, आणि तिथे भाषांची स्वतंत्र विद्याशाखा आहे. पुढेमागे तिकडे परतलात तर तिथे चौकशी करा.

आणि घरी करण्यासारखं: सासूबाईंचा आवाज टिपा. फोनवर नको, फोन आवाज चापून टाकतो. समोर बसून. त्यांना त्या चौथीच्या शिक्षिकेबद्दल बोलतं करा. मग स्वतःचा तेवढाच मजकूर टिपा आणि दोन्ही एकामागोमाग ऐका. प्रात नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात सुराचा आलेख दिसतो. आघाताआधीचं अक्षर किती लांबतं ते मोजता येईल.

कोर्दोबाकर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. प्रात उतरवून घेतला. माझा आलेख आणि सासूबाईंचा आलेख शेजारी ठेवले (आवाज नणंदेने तिकडे समोर बसून टिपून पाठवला). मी त्यांच्यापेक्षा जास्त ओढते! नणंद म्हणते, बाहेरून आलेल्यांचं असंच होतं, रामपेक्षा रामभक्त मोठा. ही म्हण तिची नाही, तिने जे म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नव्हतं.

वर्गातल्या बाईंनाही शेवटी विचारलं, लाल शाईबद्दल. जरा वेळ गप्प बसून म्हणाल्या, त्या मूळच्या मुर्सियाच्या. माद्रिदला शिकवायला आल्या तेव्हा त्यांच्याच वरिष्ठांनी त्यांना सांगितलं होतं, ते 'बोनिको' ('सुंदर'चं मुर्सियाकडचं लाडाचं रूप) वगैरे गावी ठेवून या. आता त्यांनी माझ्यासाठी हिरवी शाई काढली आहे. वोसखाली हिरवी रेघ मारतात. कापत नाहीत, पण रेघ मारल्याशिवाय राहवत नाही त्यांना.

परीक्षा वोसमध्येच देणार. तोंडी परीक्षेला तोनादा आवरायची की नाही हे ठरवलेलं नाही, आणि ठरवूनही काही उपयोग नाही, घाबरले की ती आपोआप वाढते. मास्तर, एक शंका राहिली: तोंडी परीक्षेत परीक्षकाने मला 'तू' केलं तर मी त्याला 'वोस' करायचं की उस्तेद?

निवृत्त मास्तर

उस्तेदने सुरू करा. तो 'तू करा' म्हणाला की खुशाल वोस.